फोटोवरून राणीछाप रुपयाची ग्रेड लावताना

मावसबहिणीने 1862 च्या राणीछाप रुपयाचे फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "यूएनसी म्हणता येईल ना रे?" (यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, वापरात न आल्यामुळे न झिजलेलं नाणं.) नाण्याची स्थिती पाहून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचा की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. फी भरायची, कुरिअरची जोखीम घ्यायची, आणि हाती काय येणार याचा अंदाज आधी हवा. नाणं तिच्याकडे, मी दुसऱ्या गावात.

पहिल्या फोटोंवर मत देण्यासारखं काही नव्हतं. फ्लॅश समोरून पडल्यामुळे राणीचा गाल आणि आजूबाजूची सपाट जागा, म्हणजे फील्ड, दोन्ही पांढरंफटक झालं होतं. त्यात फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने फोटो 'सुधारतो': कडा ठसठशीत करतो आणि बारीक रेषा पुसून टाकतो. ग्रेड लावायला नेमक्या त्याच रेषा लागतात.

मी तिला सांगितलं, "ताई, फ्लॅश बंद कर. नाण्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं रचून फोन त्यांच्यावर आडवा ठेव, म्हणजे हात हलणार नाही. टेबल लॅम्प एकाच बाजूने, तिरका. मग लॅम्प दुसऱ्या बाजूला नेऊन तोच फोटो पुन्हा काढ. नाणं कडेने धरून सावकाश कलतं करत एक व्हिडिओ घे. चॅटवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फाइल आकसते. आणि काहीही झालं तरी नाणं पुसू नकोस."

नव्या फोटोंमध्ये आधी खरेपणाच्या ढोबळ खुणा पाहिल्या. नाण्यावरचा लेख 'व्हिक्टोरिया क्वीन' असाच होता, आणि तो तसाच हवा, कारण 'एम्प्रेस' 1877 पासून आलं. किचनच्या वजनकाट्यावर 11.6 ग्रॅम भरले. या रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, त्यामुळे इथे शंकेला जागा नव्हती. (1862 हे साल पुढची दहाएक वर्षं नाण्यांवर तसंच पडत राहिलं आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवरचे प्रकार ठिपके मोजून ओळखतात. झूम केलेल्या फोटोत प्रत्येक धूलिकण ठिपका वाटतो, म्हणून त्या फंदात मी पडलो नाही.) कडेचा फोटो मुद्दाम मागवला होता. हे रुपये कडी जोडून माळेत ओवले जायचे, आणि टाका कितीही सफाईने काढला तरी तिथले दाते, म्हणजे कडेवरच्या उभ्या खाचा, बुजलेले दिसतात. हिच्या रुपयाचे दाते सगळीकडे शाबूत होते.

मग झीज. नाण्यावर जे सर्वांत उंच ते आधी झिजतं: मुकुटाचे मणी, कानावरचे केस, पोशाखावरची बुट्टी. मणी सुटे सुटे होते, केसांच्या बटा कानाजवळ एकमेकींत मिसळलेल्या, आणि बुट्टी बहुतेक स्पष्ट असली तरी एका ठिकाणी सपाट. ही सपाटी नीट बघावी लागली. ठसा कमजोर पडला असेल तर त्या जागेचा पोत खडबडीत राहतो आणि चकाकी आसपाससारखीच असते. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत आणि मंद, करडी दिसते. इथे दुसरा प्रकार होता. नाण्याची स्थिती 1 ते 70 मध्ये मोजणाऱ्या शेल्डन स्केलवर हे ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे थोडी झीज झालेलं), 40 ते 45 च्या आसपास. यूएनसीचा प्रश्न इथेच मिटला.

फील्डमध्ये एक लांब रेष होती. ती ओरखडा की नाणं पाडायच्या साच्याला गेलेली चीर? यासाठी मी सावली बघतो. अक्षरं उठावाची असतात हे आपल्याला माहीत असतं. उजेड डावीकडून असेल तर अक्षराची डावी कड उजळते आणि उजवीकडे सावली पडते. रेषेचंही तसंच असेल तर ती उठावाची, म्हणजे साच्याची चीर, आणि त्याने ग्रेड सहसा पडत नाही. उलटं असेल तर धातू खणला गेलाय. ताईच्या फोटोत उलटं होतं. लॅम्पची बाजू बदललेल्या फोटोतही तेच, म्हणून खात्री झाली.

एका ओरखड्याने फारसं बिघडलं नसतं. बिघडलं ते व्हिडिओत. ठसा पडताना चांदी मध्यापासून कडेकडे सरकते आणि तिच्या अतिसूक्ष्म रेषा उरतात. त्यामुळे नाणं कलतं केलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. हिचं नाणं एकदम लखकन चमकायचं आणि एकदम विझायचं, फिरत काहीच नव्हतं. मग फोटो मोठे करून पाहिले, तर फील्डभर एकाच दिशेच्या केसासारख्या रेषा, अक्षरांच्या अगदी जवळ येऊन थांबलेल्या. फडकं किंवा ब्रश तिथपर्यंतच पोचतो. अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत जुना काळपट मळ तसाच होता. कोणीतरी कधीतरी हे नाणं घासून लख्ख केलं होतं.

मी कळवलं: "ईएफ डिटेल्स, साफ केलेलं." पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' लिहून सोडून देतात. त्यासाठी फी भरण्यात मला अर्थ वाटला नाही. ताईला पटेना. "अरे, पण डब्यातलं सगळ्यात चकचकीत नाणं तेच आहे!" मी म्हटलं, "मग आता सगळ्यात काळं असेल त्याचा व्हिडिओ पाठव."

तिने 1901 चा एक पाठवला, जांभळट-काळ्या टोनिंगचा, म्हणजे काळानुसार चांदीवर चढलेल्या रंगाचा, तिच्या मते 'मळका'. कलता केला की त्या काळेपणाखालून उजेडाचा पट्टा अक्षरांमधूनसुद्धा अखंड फिरत होता आणि कानावरचे केस सुटे होते. फक्त गालावर आणि मुकुटाच्या टोकाला रंग किंचित उडाल्यासारखा वाटला. ती झीज असेल तर एयू 58 (अबाउट अनसर्क्युलेटेड, यूएनसीच्या जेमतेम खाली), नुसता उजेडाचा खेळ असेल तर यूएनसी. तो फरक मी फोटोवरून सांगत नाही, पण फी भरायची तर याच नाण्यासाठी भर, असं तिला सांगितलं.