मैदान आधी ठरलं, विमान नंतर

रिमोटवर उडवायचं पहिलं विमान मी नुसतं रूप बघून घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती, पोटाखाली पंख, हिरवा-करडा रंग. मुरबाडजवळच्या कापणी झालेल्या भातशेतात मित्राने ते हाताने सोडलं, ते डावीकडे कललं, मी घाबरून रिमोटची स्टिक आणखी डावीकडेच दाबली आणि नाक धसकटांत. उड्डाण सात-आठ सेकंदांचं. बायकोने किंमत विचारली तेव्हा मी निम्मीच सांगितली.

तिथे दर रविवारी येणाऱ्या एका काकांनी तुकडे गोळा करायला मदत केली. कोणतं विमान घेऊ, असं विचारल्यावर म्हणाले, "कुठे उडवणारेस ते आधी सांग."

खरं तर मला घराजवळ, खारघरलाच उडवायचं होतं. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुटायला लागली आहेत, आणि चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आमचा सेक्टर शोधला आणि तो विषय तिथेच मिटवला. राहिलं मुरबाडचं शेत.

शेत म्हणजे धावपट्टी नाही. चाकं असलेलं विमान धसकटांत अडकून कोलांटीच खाणार. म्हणून बिनचाकाचं, पोटावर उतरणारं. पंखा नाकावर असला तर प्रत्येक उतरणीला तुटणार, म्हणून पंखा मागे असलेलं, ज्याला पुशर म्हणतात. पंख अंगाच्या वर आणि टोकांना किंचित उचललेले, म्हणजे स्टिक सोडली की विमान आपोआप सरळ होऊ बघतं. फोमचं, १.४ मीटर पंखांचं, बॅटरीसकट किलोच्या आत. २ किलोपर्यंत हौसेने उडवायला रिमोट पायलट लायसन्स लागत नाही, हीही सोय. दिसायला अगदीच बावळट आहे, हे मान्य.

मधले तीन आठवडे तोच रिमोट कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर काढले. कंटाळवाणं काम, पण पडलेलं विमान तिथे फुकटात उभं राहतं.

मग पुन्हा शेत, सकाळी सात, वारा पडलेला. काकांनी पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं. शेपूट खाली गेलं. वेल्क्रोची पट्टी सोडवून बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली, पुन्हा तोललं. आता नाक किंचित खाली. "शेपूट जड असलं की ते तुझं ऐकणारच नाही." दुसरी ताकीद थ्रॉटलची, म्हणजे पंख्याच्या वेगाची: विमान हातातून सुटल्यावरच द्यायचा, पंखा मागे फिरतो, बोटं जातील.

विमान दूर जात होतं तोवर मी राजा. वळून माझ्याकडे तोंड केल्यावर डावं-उजवं उलटं झालं, आणि पुन्हा तीच घाबरगुंडी.

"जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला स्टिक!" काका मागून ओरडले. पंख उचलला गेला.

उतरलं ते माझ्यापासून पन्नास पावलांवर, पोटाला भाताच्या काड्या चिकटवून. पोटाखालची टेप आतापर्यंत तीनदा बदलली आहे. जूनमध्ये शेतात नांगर येईल, तोवर जमतील तेवढे रविवार.