रेझ्युमे फक्त नोकरी सोडतानाच उघडायचा का?

नोकरी सोडायची ठरली की मगच रेझ्युमेवरची धूळ झटकायची ही आपल्या बहुतेकांची सवय. मी मात्र काही घडलेलं नसतानाही अधूनमधून तो उघडून बसते आणि बघते की मागच्या वेळेनंतर एक तरी नवी ओळ टाकता येतेय का, आणि ती पण "अमुक टीममध्ये काम केलं" अशी गुळमुळीत नको, माझ्यामुळे नक्की काय बदललं ते सांगणारी हवी, म्हणजे जो रिपोर्ट काढायला दोन दिवस जायचे तो आता दोन तासांत निघतो, असं काहीतरी.

अप्रेझलच्या भरवशावर तर राहूच नका. बॉसला शेवटच्या दोन महिन्यांतलंच आठवतं, त्यात वाईटपणा नसतो, माणसाची मेमरीच तशी (रीसन्सी बायस म्हणतात याला). केलेलं काम त्याच आठवड्यात लिहून ठेवायचं.

पगाराचं गणित तर सरळ आहे. समजा महागाई ६ टक्के आणि इन्क्रिमेंट ५ टक्के, मग अभिनंदन कसलं घेताय, खरा पगार कमी झालाय! बाहेर आपल्याला काय भाव आहे ते कळायला एखादा इंटरव्ह्यू देऊन बघावा, जॉइन व्हायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

गोल्सच्या लिस्टमध्ये मी आधी काय खोडता येईल ते बघते. मॅनेजर व्हायचं असं लिहिलं होतं, पण माणसं सांभाळायची मला अजिबात हौस नाही, मग ते गोल माझं की नातेवाइकांचं? खोडलं. जर्मन शिकायचं मात्र अजून लिस्टमध्येच आहे, हलायचं नावच घेत नाही.