टॅगवरून टॅगवर
म्हापशातल्या एका ग्राहकाकडे अजून आमच्या सॉफ्टवेअरची २.४ ही आवृत्ती चालते आणि पणजीतल्या दुसऱ्याकडे ३.१, त्यामुळे दोन्ही आवृत्त्यांमध्ये सतत ये-जा करावी लागते. २०१९ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या २.२३ मध्ये आलेल्या ‘स्विच’ या कमांडला नुसते टॅगचे, म्हणजे कोडच्या एका ठरावीक टप्प्यावर लावलेल्या खुणेचे, नाव दिले, तर ती ब्रँच (कामाची स्वतंत्र शाखा) हवी म्हणून अडून बसते आणि ‘डिटॅच’ (ब्रँचविना राहण्याचा) हा पर्याय जोडल्यावरच पुढे सरकते. हा हट्ट मला रास्त वाटतो, कारण टॅगवर असताना केलेले कमिट (बदलांची नोंद) कोणत्याही ब्रँचवर नोंदले जात नाही आणि दुसरीकडे वळताच नजरेआड होते. दुरुस्ती करायची असेल, तर त्या टॅगवरून आधी नवी ब्रँच काढावी. येरझाऱ्या रोजच्याच असतील, तर ‘वर्कट्री’ बरी: दोन आवृत्त्या दोन फोल्डरांत शेजारी-शेजारी उघड्या राहतात आणि अर्धवट काम स्टॅशमध्ये (बदलांच्या तात्पुरत्या साठ्यात) कोंबावे लागत नाही.