साहेब बदलले आणि सीसी अडली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे बारा माग. अण्णांच्या काळापासून एकाच बँकेत खातं, ८ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट: माल आणि येणी दाखवून लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा. आधीचे साहेब, म्हणजे शाखेचे मॅनेजर, महिन्यातून एकदा शेडवर यायचे आणि मागांच्या खडखडाटात ओरडून विचारायचे, "मालक, आज दोन माग बंद कशामुळं?" सूतवाल्याचा चेक लागला आणि खात्यात कमी असलं की त्यांचा फोन, "दोनपर्यंत भरा." त्यांची बदली झाली आणि पुढच्याच महिन्यात चेक परत. फोन नाही, नुसता मेसेज. सूतवाला म्हणाला, आता रोख टाका.

१५ लाखांची मागणी घेऊन गेलो. नव्या साहेबांनी स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा तक्ता, उघडलं. ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत म्हणून हैदराबादच्या व्यापाऱ्याकडचे ४ लाख पेन्सिलीनं खोडले. २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला वाटा, धरून डीपी (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम) ३ लाखांनी खाली!

"साहेब, हा माणूस दिवाळीनंतर देतोच. अकरा वर्षं देतोय."

"फाईलमध्ये कुठंय ते?"

रागच आला. पण खरंच कुठं नव्हतं. ते जुन्या साहेबांच्या डोक्यात होतं.

मग दोन रविवार मी आणि बायको जुनी पासबुकं घेऊन बसलो. त्या व्यापाऱ्याच्या अकरा वर्षांतल्या जमा रकमा तारखांसह एका कागदावर उतरवल्या. उद्यम नोंदणी आणि जीएसटीचं सीएनं बघितलं. मर्यादेचं गणित सोपं निघालं: लहान उद्योगाला अंदाजित विक्रीच्या २० टक्के, आमची ७५ लाख, म्हणजे १५. तारणात घर मागितल्यावर मी सीजीटीएमएसईचं नाव काढलं. छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जासाठीची २००० सालापासूनची हमी योजना. तिची फी भरावी लागते, आणि हमी बँकेला असते, आपल्याला नाही. कर्ज बुडवलं तर वसुली आपल्याकडूनच.

साहेब शेडवर आले. सुताचे कोन मोजले, मग तो पासबुकांचा कागद दोनदा वाचला आणि फाईलला लावायला सांगितला. मंजूर झाले १२. ते ४ लाख अजूनही डीपीत नाहीत.

आता साहेबांना इथं अडीच वर्षं झालीत. शेडवर येऊन गेले की त्याच संध्याकाळी मी शाखेच्या पत्त्यावर मेल टाकतो: आज काय बोलणं झालं, कुठला माग का बंद होता, हैदराबादहून किती आले.