सदस्य येतात, पण टिकतात का? आंतरराष्ट्रीय विज्ञान संघटना चालवण्याचा माझा अनुभव

आंतरराष्ट्रीय विज्ञान संघटनेचं सरचिटणीसपद हाती आलं की कार्यकारिणीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यंदा नवे सदस्य किती? मी हा प्रश्न विषयपत्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर नेला. पहिला प्रश्न: गेल्या वर्षीच्यांपैकी किती जणांनी नूतनीकरण केलं? दरवर्षी ६०० नवे सदस्य येत असतील आणि नूतनीकरण ८० टक्के असेल, तर संघटना कितीही धडपडली तरी ३,००० च्या आसपास अडकते. कारण ३,००० चे २० टक्के म्हणजे ६००. जेवढे आले तेवढेच गळतात. हेच नूतनीकरण ८५ टक्क्यांवर नेलं, तर तेवढ्याच नव्या सदस्यांत ती हळूहळू ४,००० पर्यंत जाते. प्रचारावरचा खर्च न वाढवता.

एकूण टक्केवारी मात्र फसवी असते. जुने सदस्य सहसा टिकतात, खरी गळती पहिल्या नूतनीकरणाला होते. म्हणून पहिल्या वर्षाचे सदस्य वेगळे मोजायचे, आणि त्यातही परिषदेमुळे आलेले वेगळे. परिषदेच्या नोंदणीतली सवलत वर्गणीपेक्षा जास्त असेल, तर लोक हिशेब करून सदस्य होतात आणि पुढच्या वर्षी दिसत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सवलत वर्गणीपेक्षा थोडी कमी ठेवावी, आणि सदस्यत्व पैसे भरल्या दिवसापासून १२ महिने चालावं. जुलैत परिषदेला आलेल्या माणसाचं सदस्यत्व डिसेंबरात संपलं, तर तो परत का येईल? परिषद दोन वर्षांनी होत असेल, तर संख्येची तुलना मागच्या वर्षाशी नव्हे, मागच्या परिषदेच्या वर्षाशी करायची.

गळालेल्यांची यादी पदाधिकाऱ्यांनी स्वतः, ओळ न् ओळ वाचावी. त्यातले बरेच जण संघटना सोडून गेलेलेच नसतात. कुणाच्या कार्डाची मुदत संपलेली असते. कुणाच्या बँकेने परदेशातली आपोआप होणारी कपात अडवलेली असते. पीएचडी संपली की विद्यापीठाचा ईमेल बंद होतो आणि आपली स्मरणपत्रं कुणीच वाचत नाही. यावर उपाय सदस्य होतानाच करायचा: दुसरा, खासगी ईमेल घ्यायचा आणि ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक, विचारायचा. हा १६ अंकी क्रमांक नोकरी, देश किंवा आडनाव बदललं तरी तोच राहतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन स्पेलिंगच्या दोन नोंदीही सापडतात. स्मरणपत्रं मुदतीआधी ६०, ३० आणि ७ दिवस, मग मुदतीच्या दिवशी, आणि शेवटचं ३० दिवसांनी. हे शेवटचं पत्र कार्यालयाच्या नावाने पाठवू नये. त्या विषयाच्या विभागप्रमुखाने दोन ओळी लिहिल्या तर उत्तर येतं.

पण स्मरणपत्रांनी माणूस टिकत नाही, कामाने टिकतो. परिषदेला शोधनिबंधांचे ५०० सारांश आले, प्रत्येकाला तीन परीक्षक लावले आणि एका परीक्षकाकडे १२ सारांश दिले, तर १२५ परीक्षक लागतात. एवढी कामं आपल्याकडे असताना तीच ती ४० नावं वापरत राहणं मला फार खटकतं. नव्या सदस्याला पहिल्या तीन महिन्यांत अनुभवी परीक्षकाच्या जोडीला द्यावं, गुण देण्याचे निकष एका पानात लिहून द्यावेत, आणि त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापावं.

वर्गणीचे टप्पे जागतिक बँकेच्या चार उत्पन्नगटांवर ठरवणं सोयीचं. ही यादी दरवर्षी १ जुलैला बदलते, म्हणून पुढच्या पूर्ण वर्षासाठी त्या तारखेची यादी पक्की करावी. देश नागरिकत्वाचा नव्हे, कामाच्या ठिकाणाचा धरावा. एखादा देश वरच्या गटात गेला तर फरक दोन वर्षांत विभागून लावावा, नाहीतर तिथले विद्यार्थी आधी गळतात. खालच्या टप्प्यात बँकेचं हस्तांतरण शुल्क कधीकधी वर्गणीहून जास्त होतं. तिथे तीन वर्षांची वर्गणी एकदम, किंवा एका प्रयोगशाळेची एकत्र घ्यावी. निर्बंध असलेल्या देशांतून पैसे अडतात, तेव्हा संघटनेची नोंदणी जिथे आहे तिथल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. तिसऱ्याच्या कार्डावरून पैसे फिरवायला कुणालाही सुचवू नये, त्यात तो सदस्यच अडचणीत येतो.

बैठकीची वेळ हा न्यायाचा प्रश्न आहे. जागतिक वेळेनुसार दुपारी १२ म्हणजे टोकियोत रात्रीचे ९, आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ८ अन् कॅलिफोर्नियात पहाटेचे ५. तीन वेळा ठरवून आळीपाळीने वापराव्यात, आणि बंधनकारक मतदान बैठकीत न घेता नंतर ७२ तास ऑनलाइन खुलं ठेवावं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं उदाहरण इथे बोलकं आहे. २००६ मध्ये प्रागला प्लूटोला ग्रहांतून वगळणाऱ्या ठरावावर सभागृहात हजर असलेल्या ४२४ जणांनी मत दिलं, आणि हजारो सदस्यांच्या वतीने एवढ्यांनीच ठरवलं, ही टीका बराच काळ चालली. २०१८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाच्या हबल नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं, या ठरावावर इलेक्ट्रॉनिक मतदान झालं, तेव्हा सुमारे ११,००० पात्र सदस्यांपैकी ४,०६० जणांनी मत दिलं. निकाल कुणाला आवडो न आवडो, प्रक्रियेवर बोट ठेवणं अवघड झालं.

पैशांबाबत एकच आग्रह: नियतकालिकाचं उत्पन्न शून्य धरून अंदाजपत्रकाची दुसरी प्रत दरवर्षी करा. २०२१ पासून प्लॅन एस (अनुदानातून झालेलं संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं, ही काही अनुदानसंस्थांची अट) लागू झाल्यावर वाचक-वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांचं गणित हललं आहे, आणि बऱ्याच संघटनांचा कर्मचारी-खर्च त्याच पैशांतून निघतो. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बाजूला असावी.

अध्यक्षपदात नियोजित, विद्यमान आणि माजी अशी साखळी असते, तशी कोषाध्यक्षपदातही हवी. नवा कोषाध्यक्ष दुसऱ्या देशात असतो; बँक त्याच्या ओळखपत्रांच्या प्रमाणित प्रती मागते, कुठे भाषांतरही मागते, आणि तेवढ्या काळात परिषदेच्या सभागृहाची आगाऊ रक्कम भरायची तारीख येते. म्हणून खात्यावर सह्या करणारे कायम तिघे, तेही एकाच वेळी मुदत न संपणारे, आणि नव्याचे कागद निवडणुकीचा निकाल लागल्याच्या आठवड्यातच बँकेत.