तुम्ही विचारलंत म्हणून: बायको दुपारपाळीला, मग रात्री जेवायला काय?

माझी बायको नाशिकमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी असते तेव्हा ती एक वाजता घरातून निघते आणि रात्री साडेदहाला परत येते. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे, घरी पोचेपर्यंत सात वाजतात. मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. शाळा सुटल्यावर दोघं शेजारच्या आजींकडे थांबतात. मी दार उघडलं की दोघांच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि धाकटा नऊच्या पुढे जागा राहत नाही. हे सगळं ज्यांना माहीत आहे ते हमखास विचारतात, “मग रात्री काय करता? बाहेरून मागवता का?” सकाळचं उरलेलं वापरतो म्हटलं, की आवाज थोडा खाली करून पुढचा प्रश्न येतो: “म्हणजे मुलांना शिळं घालता?”

बाहेरून क्वचितच मागवतो. आणि ‘शिळं’ म्हणजे सकाळी केलेलं अन्न रात्री पुन्हा गरम करून ताटात वाढणं, असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर तेही आम्ही फारसं करत नाही. आमच्याकडे सकाळच्या अन्नाचा रात्री नवा पदार्थ होतो, आणि तो व्हावा म्हणून सकाळीच तशी तयारी असते.

कोणी असंही सुचवतं, की बायको सकाळी घरीच असते, तर तिने दोन्ही वेळचं करून ठेवावं. आठ तास वॉर्डात उभं राहायच्या आधी तिने चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक उरकावा, हे मला मान्य नाही. सकाळचा कुकर मी लावतो, पोळ्या ती करते. कुकर लावायचाच आहे, तर तुरीची डाळ एक वाटी जास्त आणि तांदूळ दीड वाटी जास्त घालायला वेगळा वेळ लागत नाही. कणीक मळतानाही मुठीएवढा गोळा जास्तीचा मळायचा, तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवायचा. हा गोळा मात्र त्याच रात्री संपवावा, दुसऱ्या दिवशी कणीक काळपट पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीसाठीचं वरण फोडणी न घालता बाजूला काढायचं. फक्त हळद, हिंग, मीठ. सकाळी आमटी करून ठेवली, की रात्री ती आमटीच राहते. साध्या वरणाचं मात्र रात्री काहीही होऊ शकतं. आणि फोडणी रात्री ताजी पडायला हवी, यावर मी अडून बसतो. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, कढीपत्ता तेलात पडला, की दोघंही वह्या टाकून ओट्याशी येतात. आपल्यासाठी आत्ता काहीतरी शिजतंय हे मुलांना वासावरून कळतं. आई घरात नसलेल्या संध्याकाळी ते कळणं मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या घरचा राजा पदार्थ म्हणजे वरणफळं. तुमच्याकडे त्याला चकोल्या म्हणत असतील. पातेल्यात तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद, लाल तिखट. त्यावर दोन वाट्या घट्ट वरण आणि तीन वाट्या गरम पाणी. पाणी कमी घालू नका. गार झालेलं वरण आधीच दाटलेलं असतं आणि कणीकही पाणी ओढून घेते. दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, मीठ. हे उकळेपर्यंत फ्रीजमधल्या गोळ्याच्या दोन पातळ पोळ्या लाटतो आणि धाकटा सुरीच्या बोथट बाजूने त्यांचे चौकोनी काप पाडतो. काही त्रिकोण होतात, काही नुसत्याच पट्ट्या, पण शिजतात सगळे सारखेच. काप एकेक करून सोडायचे आणि उकळी खळखळती असतानाच सोडायचे, नाहीतर ते एकमेकांना चिकटून गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत कच्च्या पिठाची चव जाते. वर तूप, कोथिंबीर, कडेला पापड. एका भांड्यात डाळ आणि पोळी दोन्ही झालं, अर्ध्या तासात ताटं मांडली.

भात जास्त उरला असेल तर फोडणीचा भात. त्याला गार भातच लागतो. भात गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, त्यामुळे दाणा कडक होतो आणि कढईत परतताना मोडत नाही. ताज्या भाताचा मात्र लगदा होतो. आधी हाताने गुठळ्या फोडून घ्यायच्या, मग फोडणीत शेंगदाणे, मिरची, कांदा परतून भात घालायचा, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं आणि चांगली वाफ काढायची. ही वाफ टाळू नये, तिच्यामुळे भात आतपर्यंत गरम आणि मऊ होतो. सोबत काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर.

भातही थोडा आणि भाजीही थोडी असेल तर थालीपीठ. कोबी, फ्लॉवर, दुधी, मेथी, काहीही चालतं. वाटीभर भात कुस्करायचा, त्यात भाजी, बारीक कांदा, तीळ, ओवा आणि मावेल तेवढी भाजणी. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन. भातामुळे थालीपीठ बाहेरून खरपूस आणि आतून मऊ होतं. धाकट्याने सकाळी डब्यात नको म्हटलेली कोबीची भाजी रात्री थालिपिठात विनातक्रार जाते.

मटकीची उसळ उरली की मिसळ. नाशिकमध्ये राहून दुसरं काही सुचायचं नाही. बटाट्याच्या सुक्या भाजीचा पराठा. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करायचा, कांदा जरा जास्त घालून आणि वरून लिंबू पिळून. लेकीला तो गोड दह्याबरोबर हवा असतो. भाकरी उरली तर ताकात कुस्करून वर लसूण-जिऱ्याची फोडणी. उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं रात्रीचं जेवण मला माहीत नाही.

भेंडी आणि कारल्याचं मात्र काही करायला जाऊ नये, आहे तशी परतून वाढावी. वांग्याच्या रश्श्यालाही हात लावू नये. तो मुरलेलाच छान लागतो, एक उकळी काढून गरम भाकरीबरोबर वाढला की झालं.

आता ‘शिळं’ या भीतीबद्दल. ती खोटी नाही, पण धोका खरा कुठे असतो हे नीट समजून घ्यायला हवं. माझ्या बायकोचा या बाबतीत कडक शिस्तीचा बाणा आहे आणि मला तो पटतो. भात हा सगळ्यात बेभरवशाचा. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते कुकरमध्ये शिजूनही टिकू शकतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे ‘सकाळचा आहे, पण गरम करून देतो’ ही समजूत भाताच्या बाबतीत घातक आहे. जिवाणू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रीजमध्ये जायला हवं, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याच्याही आधी.

म्हणून रात्रीचा वाटा आम्ही सकाळी जेवणाआधीच वेगळा काढतो. भात खोल डब्यात दाबून भरण्यापेक्षा पसरट डब्यात पातळ पसरला की लवकर निवतो. वाफ गेली की झाकण लावून थेट फ्रीज. रात्री जेवढं लागेल तेवढंच बाहेर काढायचं, वरण खळखळून उकळायचं, आणि एकदा तापवलेलं परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. ओलं खोबरं घातलेली चटणी किंवा सकाळी फोडणी दिलेली कोशिंबीर रात्रीपर्यंत ठेवतच नाही. एवढं पाळल्यावर मुलांच्या ताटात हे अन्न वाढताना मला जराही धाकधूक वाटत नाही.

बायको तिचा डबा घेऊन जाते, तरी घरी आल्यावर तिला गरम काहीतरी हवं असतं. वरणफळं करून ठेवली तर साडेदहापर्यंत फुगून घट्ट होतात. म्हणून तिच्यापुरतं फोडणी न दिलेलं वरण फ्रीजमध्येच राहू देतो आणि तिच्या वाटणीचे काप पीठ भुरभुरून ताटलीत झाकून ठेवतो. दवाखान्यातून निघाले असा तिचा फोन आला, की फोडणी टाकून वरण उकळायला ठेवायचं आणि खालून स्कूटरचा आवाज आला, की काप सोडायचे. ती हातपाय धुऊन येईपर्यंत ते शिजलेले असतात.