कंबर घालवायचे अडीच हजार

आईबाबांचा एक फोटो आहे, 1985 चा, श्रीनगरच्या निशात बागेतला. आईच्या अंगात काश्मिरी ड्रेस, म्हणजे तिथल्या फोटोवाल्याने पत्र्याच्या पेटीतून काढून दिलेला फिरन, कपाळावर चांदीसारखे दिसणारे लोलक, हातात प्लॅस्टिकच्या फुलांची टोपली, आणि फिरनच्या खालून तिच्या स्वतःच्या नारायणपेठीचा काठ एक वीतभर बाहेर. बाबा शेजारी सफारी सूटमध्ये, चेहऱ्यावर 'किती घेणारे हा बाबा' असा भाव. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हा फोटो असतो, फक्त माणसं बदलतात. आम्ही भावंडं त्या फोटोला वर्षानुवर्षं हसत आलोय, त्या साडीच्या काठाला तर फारच.

त्यामुळे जपानच्या ट्रिपमध्ये क्योटोला लेकीने परस्पर तिघांचं किमोनोचं बुकिंग करून टाकलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. भाड्याचे कपडे म्हटलं की मला शाळेचं गॅदरिंग आठवतं, ड्रेपरीवाल्याकडून आणलेला झाशीच्या राणीचा अंगरखा, त्याला आधीच्या सतरा राण्यांच्या घामाचा वास. पण माणशी साडेचार हजार येन, म्हणजे आपले अडीच हजार रुपये, आधीच भरून झाले होते, आणि भरलेले पैसे बुडवणं आमच्या रक्तात नाही.

दुकान हिगाशियामा भागात, एका जिन्यावरून वर. बूट खाली काढायचे, वर गेलं की भिंतभर किमोनो. बरेचसे पॉलिस्टरचे, आणि ते योग्यच आहे, रोज नवीन माणूस घालणार आणि वर माचाचं, म्हणजे हिरव्या चहाचं, आईस्क्रीम सांडणार म्हटल्यावर रेशीम कोण देईल. मी एक छान लांब बाह्यांचा उचलला, लाल, मोठाल्या शेवंतीची फुलं, तर तिथली मुलगी तोंडावर हात ठेवून अगदी सभ्यपणे हसली आणि फोनवर भाषांतर करून दाखवलं, की पायापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या लग्न न झालेल्या मुलींच्या. त्याला फुरिसोदे म्हणतात. म्हणजे आपल्याकडे गळ्याकडे बघून कळतं ते इथे बाहीवरून. मग मला शेवाळी रंगाचा, बारीक नक्षीचा, वयाला शोभेलसा मिळाला आणि फुरिसोदे लेकीला गेला. नवऱ्याला करडा. त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

आणि मग ती आजी आली. सत्तरीची असेल, उंचीला माझ्या खांद्याएवढी, गळ्यात सातआठ दोऱ्या अडकवलेल्या, शिंप्याच्या टेपसारख्या. तिने मला आरशासमोर उभं केलं आणि हात पसरायला लावले, आणि पुढची वीस मिनिटं मी शेतातल्या बुजगावण्यासारखी तशीच उभी.

पहिल्यांदा पायात ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे. ते पहिल्यांदा का ते नंतर कळलं, कारण एकदा बाकीचं चढलं की कमरेत वाकणं हा विषय संपतो. मग तिने माझ्या कमरेला टॉवेल गुंडाळला. एक गुंडाळला, बघितलं, अजून एक गुंडाळला. आमच्याकडे बायका कंबर दिसावी म्हणून काय काय करतात, इथे जी काही थोडीबहुत उरलीये ती बुजवायची, कारण किमोनो नळकांड्यावर चांगला बसतो, मध्ये खड्डा असला की चुण्या पडतात. इतकी वर्षं चालणं, लिंबूपाणी, सगळं करून टिकवलेली कंबर दोन टॉवेलांत गेली. आणि तिकडे पडद्यापलीकडे नवऱ्याचं कौतुक चाललेलं, कारण पुरुषांचा पट्टा पोटाच्या खाली बसतो आणि वर छान गोल पोट असेल तर किमोनो शोभतो, बारीक माणसांना म्हणे टॉवेल भरून पोट करावं लागतं. याला नैसर्गिकच. तो दिवसभर हे सांगत होता. अजून सांगतो.

टॉवेलनंतर आतला पांढरा अंगरखा, नागाजुबान. यातला जो जुबान आहे तो जपानी शब्दच नाही मुळात, तो पोर्तुगीजांनी नेलेला 'जिबाँव', आणि त्याचं मूळ अरबी जुब्बा. आपला झब्बापण त्याच घरातला. म्हणजे क्योटोत मी सगळ्याच्या आत एक झब्बाच घातला होता म्हणायला हरकत नाही. हे मी आजीला सांगायचा प्रयत्न केला, ती म्हणाली "हाय", मी म्हटलं "हाय". आमचं संभाषण या एका शब्दावर छान चाललं होतं. दोरी आवळताना ती दर वेळी विचारायची, "कुरुशिइ?" आणि मी दर वेळी हसून म्हणायचे "हाय हाय", मग ती दचकून दोरी सोडायची आणि परत बांधायची. तिसऱ्या वेळी लेक पलीकडून ओरडली, "आई, ती विचारतेय गुदमरतंय का, आणि तू हो हो म्हणतेयस!"

मग किमोनो. तो खांद्यावरून चांगला वीतभर जमिनीवर लोळत होता, मला वाटलं माप चुकलं, पण तो असतोच तसा. जास्तीचं कापड वर ओढून कमरेवर घडी घालायची, वरून दोरी, झालं. उंच बाईची घडी छोटी, बुटकीची मोठी, त्यामुळे आईचा किमोनो मुलीला आणि मुलीचा नातीला होतो. कापडच मुळी साधारण बारा मीटर लांब आणि जेमतेम सदतीस सेंटिमीटर रुंद अशी पट्टी असते, तिचे सरळ सरळ तुकडे कापायचे, गोलाई कुठे नाही, काखेत नाही, गळ्याला नाही, त्यामुळे धुवायच्या वेळी पूर्वी आख्खा उसवायचे आणि तुकडे जोडून परत सलग कापड करून ताणून वाळवायचे. हे वाचलं तेव्हा मला नऊवारी आठवली. कापडाला कात्री कमी लावायची आणि बाकीचं अंगावर घड्या घालून निभवायचं, डोकं तेच. फक्त नऊवारीत कासोटा घालून बाई घोड्यावर बसू शकते आणि किमोनोत रिक्षात बसायची मारामार.

आणि म्हणूनच मला वाटतं किमोनो 'घालतात' म्हणणं चूक आहे. आपण शर्ट घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो. जपानीतही असंच, अंगात घालायच्या कपड्याला एक क्रियापद, पायातून चढवायच्याला दुसरं, डोक्यावरच्याला तिसरं. ही भाषा आपल्या लोकांची आहे हो. किमोनोला मी मनात 'नेसणे' करून टाकलं.

शेवटी ओबी, चारेक मीटरचा पट्टा, दोन वेढे घेऊन पाठीवर गाठ. ही आवळताना आजीने गुडघा टेकला, एक हात माझ्या पाठीवर रोवला आणि असा काही झटका दिला की मी एकदम पंचवीस वर्षं मागे गेले. माझ्या लग्नात आईने मला नऊवारी नेसवली होती. आमच्या आळीत कुणाचंही लग्न असलं की नेसवायला आईला बोलावणं यायचं, दातात पिना धरून, गुडघा टेकून, "पोट आत घे, अगं हल नकोस, हललीस की निरी गेली". त्यानंतर मला कोणी कपडे चढवले नव्हते. मोठ्या माणसाला कोण चढवतं? एकतर लग्नात नाहीतर हॉस्पिटलात. आणि इथे ही अनोळखी म्हातारी माझ्या मानेमागे गळ्याची पट्टी मूठभर मागे ओढत होती, पुढून नीट करत होती, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघत होती, अगदी आईसारखंच. मला उगाच घशात काहीतरी आलं. ओबीमुळे असेल.

बाहेर आल्यावर पहिलं काम अर्थातच सेल्फी. निनेनझाकाच्या पायऱ्या, मागे यासाकाचा पाच मजली पॅगोडा, लेक खूश, आणि मग तिने फोटो नीट बघितला आणि किंचाळली. किमोनोचा डावा पदर उजव्यावर येतो, स्त्री असो पुरुष असो, 719 सालापासूनचा सम्राज्ञीचा हुकूम आहे. उजवा डाव्यावर फक्त मेलेल्या माणसाला. आणि फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो! तिच्या सत्तावीसच्या सत्तावीस सेल्फींत आम्ही तिघं दात काढून हसणारे मृतदेह. मी म्हटलं यात घाबरण्यासारखं काय, आपल्याकडे श्राद्धाला जानवं अपसव्य करतात तसंच हे, फोन अपसव्य झालाय. तिला अपसव्य म्हणजे काय ते सांगेपर्यंत उतार आला.

उतार म्हणजे सानेनझाका. इथे पडलं तर तीन वर्षांत माणूस जातो अशी समजूत आहे, आणि उतारा म्हणून तिथेच भोपळे विकणारं दुकान आहे, जे मला फारच आवडलं, असा धंदा आपल्याकडे वाईच्या घाटावर चालेल. पायात झोरी, म्हणजे तिथल्या चपला, टाच मागून बाहेर आलेली (ती यायलाच हवी, मोठ्या मापाची मागू नये), मांड्या एकमेकींना बांधल्यासारख्या, पाऊल वीतभर. मी एरवी लोकल पकडणारी बाई. पहिली दहा मिनिटं चिडचिड झाली, मग लक्षात आलं की घाई करताच येत नाहीये, म्हणून मग बघत चालले, आणि तेव्हा कुठे ते मॅपलचे लालभडक झालेले शेंडे दिसले. टॉयलेटला गेले त्याबद्दल मात्र मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की थर एकेक करून वर घेऊन बाह्या दातात धराव्या लागतात आणि परत आल्यावर आपण जे दिसतो ते आजीने पाठवलेलं नसतं.

कियोमिझूच्या देवळाच्या दारात एका जपानी बाईंनी मला थांबवलं. साठीच्या, साध्या स्वेटर-पँटमध्ये. मला वाटलं आता बोलणी बसणार, तुम्ही परदेशी लोक आमचे कपडे घालून काय तमाशा करता वगैरे. 2015 साली बोस्टनच्या म्युझियममध्ये मोने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रासमोर लोकांना किमोनो चढवून फोटो काढायला दिले तर केवढी निदर्शनं झाली होती, आणि गंमत म्हणजे त्या निदर्शनांच्या विरोधात जपानी बायका किमोनो नेसून आल्या होत्या. असो. तर या बाई पुढे आल्या, "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणाल्या आणि माझी कमरेवरची घडी, जी टॉयलेटात बिघडली होती, ती दोन बोटांनी सरळ करून, पाठीवरची गाठ वर ढकलून, एक थाप मारून निघून गेल्या. पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात काकू असतात ना, ओळख ना पाळख, "थांब गं, काष्टा सुटतोय तुझा" म्हणून भर रस्त्यात खोचून देणाऱ्या, त्यांची सख्खी बहीण.

आणि खरं सांगायचं तर भाड्याने घेणं ही काही फक्त आम्हा टुरिस्टांची हौस नाही. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी तिकडे वीस वर्षांच्या झालेल्या मुलामुलींचा सोहळा असतो, त्याला मुली फुरिसोदे घालतात आणि कितीतरी जणी भाड्यानेच आणतात, पहाटेपासून पार्लरात रांगा. 2018 साली भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने ऐन त्या दिवशी दुकानं बंद ठेवली, मुली रडत रस्त्यावर, देशभर बातमी. किमोनो नेसायला शिकवणाऱ्या शाळाच आहेत जपानमध्ये, कारण घरात शिकवणारं कोणी उरलं नाही. आपल्याकडे काय वेगळं चाललंय? शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, डोहाळजेवणाच्या शूटला नथ आणि चंद्रकोर भाड्याने. मी पण घातलीये. मी कुणाला हसणार.

देवळाच्या आवारात शाळेच्या सहलीची मुलं भेटली, हातात इंग्रजीचा कागद, परदेशी माणसाला गाठून चार प्रश्न विचारायचे असा गृहपाठ. व्हेअर आर यू फ्रॉम झालं, मग फोटो. त्या फोटोत जपानी पोरं ब्लेझर आणि टायमध्ये आणि आम्ही पुणेकर किमोनोत, मध्ये नवऱ्याचं पोट. तो फोटो मात्र सरळ आलाय, त्यांच्या मास्तरांनी मागच्या कॅमेऱ्याने काढला.

साडेपाचला कपडे परत द्यायचे होते. आजीने सोडवलं ते दोन मिनिटांत, दोऱ्या भराभर गळ्यात, टॉवेल टोपलीत, कंबर परत आपल्या जागी. पोटावर दोऱ्यांचे वळ. तिने वाकून नमस्कार केला, मीही केला, ती परत वाकली, मग मी, कोणी थांबायचं ते दोघींनाही ठरवता येईना, शेवटी लेकीने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले. बदामांचा पाऊस, भावाचा 'निशात बाग पार्ट टू' असा मेसेज, त्याची वाटच बघत होते. आईचा फोन आला. तिने फोटो मोठे करून करून बघितले होते. पॅगोडाबद्दल नाही, झाडांबद्दल नाही, जावयाबद्दल पण अवाक्षर नाही.

"नेसवलं कोणी गं?"

म्हटलं, होती एक आजी दुकानात.

"हात चांगलाय तिचा. एक चुणी नाही समोर. तिला वेगळे काही दिलेस की नाही?"

"अगं इथे देत नाहीत वरचे पैसे, घेत नाहीत ते."

"मग नमस्कार तरी करायचास."

"केला ना. चार वेळा."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "खालून तुझा मोजा दिसतोय बघ एका फोटोत."